झाडांचं आर्थिक वर्ष

ज्यू पंचांगात नवं वर्ष चार वेळा लागतं. इसवी सन 200 च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात तसं लिहूनच ठेवलंय. निसान महिन्याच्या पहिल्या तारखेला राजांचं वर्ष सुरू होतं, एलूलच्या पहिल्या तारखेला गुराढोरांचं, तिश्रीच्या पहिल्या तारखेला सालांच्या मोजणीचं आणि भाजीपाल्याचं, आणि शेवात महिन्यात झाडांचं. झाडांच्या वर्षाची तारीख ठरवताना मात्र दोन गुरुघराण्यांचं जमलं नाही. शम्माईचे शिष्य म्हणाले, शेवातची पहिली. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, पंधरावी. या दोन गटांत वाद झाला की निकाल बहुतेक वेळा हिल्लेलच्या बाजूने लागतो. इथेही तसंच झालं आणि झाडांचं वर्ष पौर्णिमेला लागू लागलं.

या दिवसाला तू बिश्वात म्हणतात, म्हणजे शेवातची पंधरावी. नावात नुसती तारीख. बाकीच्या सणांची गोष्ट वेगळी आहे. पुरीमला हामान नावाचा खलनायक आहे. हनुक्काला मक्काबींचं बंड आणि दिव्यातल्या तेलाचा चमत्कार आहे. वल्हांडणाला मिसर देशातून सुटका आहे. ज्यू मंडळी स्वतःच गमतीने सांगतात की आमच्या सणांची कथा थोडक्यात एवढीच: ते आम्हाला संपवायला आले, आम्ही वाचलो, चला, पानं वाढा. तू बिश्वात या गमतीत बसत नाही. इथे कुणी मारायला आलं नव्हतं आणि कसला चमत्कारही झाला नाही. बायबलमध्ये या दिवसाचा उल्लेखसुद्धा नाही. तरी हा आनंदाचा दिवस आहे. तो आनंद आला कुठून, याचा माग काढत गेलं की आपण थेट महसूल खात्यात जाऊन पोचतो.

आपल्याकडे 31 मार्चला जे महत्त्व, तेच मुळात या पौर्णिमेला होतं. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा इस्राएलच्या भूमीतल्या शेतकऱ्याला उत्पन्नातून ठरावीक वाटे काढावे लागत. आधी पुरोहितांचा लहानसा वाटा. मग उरलेल्यातला दहावा हिस्सा लेवी कुळातल्या लोकांना, कारण मंदिराची सेवा करणाऱ्या या कुळाच्या वाट्याला जमीन आलेली नव्हती. त्यानंतर आणखी एक दशमांश निघे, आणि खरी गंमत त्यातच होती. सात वर्षांचं एक चक्र धरलेलं असे. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी हा दुसरा दशमांश शेतकऱ्याने जेरुसलेमला न्यायचा आणि तिथे बायकामुलांसह स्वतःच खायचा. एवढं ओझं वाहून नेणं जड जात असेल तर त्याच्या किमतीचे पैसे कनवटीला लावून न्यायचे आणि ते राजधानीत खाण्यापिण्यावर उडवायचे. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तोच हिस्सा गोरगरिबांचा. सातव्या वर्षी जमिनीलाच सुट्टी: पेरणी नाही, छाटणी नाही, आपोआप उगवेल ते सगळ्यांचं.

कर म्हणून बाजूला काढलेला माल करदात्यानेच सहकुटुंब सहलीला जाऊन खाऊन टाकावा, असं बंधन घालणारा कायदा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पण मग हिशेब चोख हवा. दुसऱ्या वर्षाचं अंजीर आणि तिसऱ्या वर्षाचं अंजीर दिसायला सारखंच. एक मालकाने जेरुसलेमला जाऊन खायचं, दुसरं गरिबाच्या पदरात घालायचं. या वर्षीच्या फळांचा दशमांश मागच्या वर्षीच्या साठ्यातून भागवून टाकण्याचीही सोय नव्हती. शिवाय झाडाच्या वयाचा नियम वेगळा. लावल्यापासून पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचंच नाही, चौथ्या वर्षाचं जेरुसलेमला न्यायचं, पाचव्यापासून मालक मोकळा. धान्याचं सोपं असतं. पेरलं, कापलं, शेत मोकळं झालं. झाड मात्र आपलं उभंच. त्याचं एक वर्ष कुठे संपतं आणि दुसरं कुठे लागतं, हे सांगायला कुणीतरी रेघ ओढावी लागते. शेवातची पौर्णिमा ही ती रेघ. त्याआधी धरलेलं फळ जुन्या वर्षात जमा, त्यानंतर धरलेलं नव्या वर्षात.

माणसं या हिशेबात किती काटेकोर होती, याची एक नोंद मिश्नावरच्या चर्चांच्या संग्रहात, म्हणजे ताल्मूदमध्ये, आहे. अकीवा नावाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एकदा शेवातच्या पहिल्या तारखेला एक महाळुंग तोडलं. महाळुंग म्हणजे लिंबाच्या कुळातलं ते मोठं, जाड आणि खडबडीत सालीचं फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. ज्यूंनाही ते पवित्र आहे, सुक्कोत या मांडवांच्या सणात ते हातात धरून प्रार्थना करतात. तर अकीवांपुढे पेच पडला. शम्माईच्या घराण्याचं ऐकावं तर आजच नवं, म्हणजे तिसरं वर्ष लागलं, तेव्हा दशमांश गरिबांचा. हिल्लेलच्या घराण्याचं ऐकावं तर अजून चौदा दिवस दुसरंच वर्ष चालू, तेव्हा दशमांश जेरुसलेमचा. अकीवांनी त्या एका फळातून दोन्ही दशमांश काढले. पुढच्या पंडितांनी यावरही काथ्याकूट केला. अकीवा दोन्ही घराण्यांचं मन राखत होते म्हणावं, तर एका माणसाने दोन्हीकडचे कडक नियम पाळणं शास्त्राला मान्य नाही. शेवटी उत्तर असं निघालं की हिल्लेलच्या शिष्यांनी नेमकी कोणती तारीख सांगितली होती, याबद्दलच अकीवांना शंका होती. एवढा मोठा धर्मपंडित, हातात एक फळ, आणि ते कुणाचं याची चिंता. ज्याला हा सण समजून घ्यायचा आहे, त्याने आज या सणाला मांडतात ती वाइन आणि सुकामेवा जरा बाजूला ठेवून आधी या महाळुंगाकडे पाहावं.

हिवाळ्यातली तारीख का निवडली, याचं कारण ताल्मूद एका वाक्यात देतो. वर्षाचा बहुतेक पाऊस तोवर पडून गेलेला असतो. तिकडचा पाऊस आपल्या उलट. ऑक्टोबरनंतर तो सुरू होतो, ऐन थंडीत कोसळतो आणि उन्हाळा पार कोरडा जातो. शेवातच्या मध्यावर जमीन भिजलेली असते, मुळांनी पाणी ओढून घेतलेलं असतं, आणि यापुढे जे फळ धरेल ते या पाण्यावरचं, असा तो हिशेब. थंडी मात्र सरलेली नसते. अंजीर, डाळिंब, द्राक्षाचा वेल सगळे ओकेबोके. एकटा बदाम तेवढा फुलतो, तोही अंगावर पान येण्याची वाट न पाहता, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी. बाकीच्या बागेकडे पाहून आज सण आहे असं कुणी म्हणणार नाही.

सुगीचे सण ज्यूंकडेही आहेत. ते सगळ्या जगात असतात. धान्य घरात येऊन पडलं की आनंदाला कारण शोधावं लागत नाही. इथे फळ अजून कित्येक महिने लांब, दाखवायला हातात काही नाही, आणि खोडात पाणी चढलंय एवढ्या भरवशावर वर्ष उघडायचं. हे काव्य कुणी मुद्दाम रचलेलं नाही. हिशेबनिसाला सोयीची तारीख हवी होती, ती त्याला इथे सापडली. मला त्यातलं हे अनवधान आवडतं.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. पुढच्या शतकांत ज्यू जगभर पांगले. हे दशमांश इस्राएलच्या भूमीतल्या पिकालाच लागू होते, त्यामुळे ऱ्हाइन नदीच्या काठी दुकान थाटलेल्या माणसाला शेवातच्या पौर्णिमेचं काही देणंघेणं उरलं नाही. वसुली थांबली, बागा गेल्या, ज्या राजधानीत जाऊन खायचं तीही गेली. एखादं खातं बंद झालं की त्याची फाइल धूळ खात पडते. ही तारीखही तशीच विसरली जायची. पण मिश्नाने तिला एकदा नवं वर्ष म्हणून ठेवलं होतं, आणि वाचणाऱ्यांनी तो शब्द गंभीरपणे घेतला. नवं वर्ष आहे तर त्या दिवशी तोंड पाडून कसं बसायचं? अकराव्या शतकात माइन्झचे रब्बी गेर्शोम यांच्याकडे विचारणा आली की एका समाजाने धरलेल्या उपवासांतला एक या दिवशी येतोय, तर करावा का. त्यांनी सांगितलं, झाडांच्या नव्या वर्षाला नको, पुढे ढकला. रोजच्या प्रार्थनेत पापांची क्षमा मागण्याचा एक भाग असतो, तोही या दिवशी गाळतात.

कित्येक शतकं सण एवढाच होता. उपवास करू नका, रडगाणं गाऊ नका. काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. काम बंद नाही, दुकान बंद नाही, शोफार हे शिंग फुंकायचं नाही, एखादी पोथी वाचलीच पाहिजे असंही नाही. धर्मशास्त्राच्या उतरंडीत म्हणूनच त्याची जागा खालची. मोठ्या सणांना नियमांचं एवढं ओझं असतं की वल्हांडणाच्या आधी घरातली बाई खमिराचा कण न् कण शोधून काढता काढता मेटाकुटीला येते. तू बिश्वात मात्र कुणाकडून काहीच मागत नाही.

आणि बहुधा म्हणूनच, जो तो आपापल्या परीने त्यात काहीबाही घालत गेला. युरोपातल्या ज्यूंनी पवित्र भूमीचं फळ खायचं ठरवलं. पण पोलंडच्या बर्फात जानेवारी महिन्यात अंजीर-डाळिंब आणायचं कुठून? वाटेत न नासता तिथवर पोचेल असं फळ म्हणजे कॅरबच्या शेंगा: तपकिरी, चपट्या, वाळलेल्या, लांबून चिंचेसारख्या दिसणाऱ्या आणि चावायला वहाणेच्या चामड्यासारख्या. यिडिश बोलणारी मुलं त्यांना बोक्सर म्हणत. पिढ्यान् पिढ्या मुलांनी त्या चघळत चघळत वचनभूमीची चव घेतली. ती चव त्यांच्या फारशी लक्षात राहिली नसावी, दातांना झालेला त्रास राहिला असेल.

सोळाव्या शतकात गालिलच्या डोंगरातल्या त्स्फात गावात गूढवादी मंडळी जमली होती. त्यांतले सर्वांत नावाजलेले इत्झाक लुरिया 1572 मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले, पण त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी या दिवसाला एक विधीच बहाल केला. त्याची पुस्तिका अठराव्या शतकात छापून झाली, ‘प्री एत्झ हादार’ या नावाने. तीस प्रकारची फळं, तीन गटांत दहा-दहा. पहिल्या गटातली वरून कठीण आणि आत खाण्याजोगी: अक्रोड, बदाम, डाळिंब. दुसऱ्यातली वरून मऊ आणि आत आठळी असलेली: खजूर, ऑलिव्ह. तिसऱ्यातली सगळीच्या सगळी खाता येणारी: अंजीर, द्राक्ष. कवचाचं बाहेरून आत जाणं आणि शेवटी नाहीसंच होणं, अशी ही चढती पायरी. जोडीला वाइनचे चार पेले. पहिला निव्वळ पांढरा, दुसऱ्यात थोडी लाल मिसळलेली, तिसऱ्यात लाल जास्त, चौथा पुरता लाल; थंडीतल्या फिकट जमिनीपासून बहरापर्यंत. पेल्यात लाल वाइनचे दोन थेंब पडले की ती पांढरी वाइन गुलाबी होते, आणि टेबलाभोवतीची लहान मुलं त्या क्षणाची वाट पाहत असतात.

या पुस्तिकेचा लेखक कोण, हे ठाऊक नाही. ती ज्या मोठ्या ग्रंथाचा भाग आहे तो शब्बताई त्झ्वीच्या छुप्या अनुयायांनी लिहिला असावा, असा संशय फार आधीपासून आहे. शब्बताई त्झ्वी म्हणजे स्वतःला मसीहा म्हणवून घेणारा आणि 1666 मध्ये तुर्की सुलतानापुढे उभं राहायची वेळ येताच मुसलमान झालेला गृहस्थ. कर्मठ रब्बींनी त्या ग्रंथाकडे डोळे वटारून पाहिलं. लोकांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि फळं-वाइन ठेवून घेतली.

आज जगाला हा दिवस माहीत आहे तो झाडं लावण्याचा म्हणून, आणि ही चाल सगळ्यांत अलीकडची. 1890 मध्ये झिख्रोन याकोव या नव्या वसाहतीतले शिक्षक झेएव याव्हेत्झ आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन रोपं लावायला निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षकांच्या संघटनेने ती प्रथा उचलली, आणि 1901 मध्ये स्थापन झालेल्या ज्यू नॅशनल फंडाने तिचं देशव्यापी अभियान केलं. स्वतंत्र इस्राएलच्या संसदेची पहिली बैठक भरली ती 14 फेब्रुवारी 1949 ला, मुद्दाम तू बिश्वातच्या दिवशी. हातात रोप, डोक्याला टोपी, कंबरेएवढ्या मुलांच्या रांगा, असे फोटो आपणही पाहिलेले असतात.

इथे मात्र माझं मन थोडं अडखळतं. झाड लावणं ही जमिनीवर नाव टाकण्याचीही पद्धत आहे, हे कोकणात बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. लात्रूनजवळची इमवास, यालू आणि बेत नुबा ही पॅलेस्टिनी गावं 1967 च्या युद्धात रिकामी करून पाडली गेली. आज तिथे फंडाने वाढवलेली दाट झाडी आहे आणि लोक तिथे डबे घेऊन सहलीला जातात. शिवाय या वनीकरणात अनेक दशकं भर होता तो अलेप्पो पाइनवर. लवकर वाढतो, उन्हात जगतो, पण खायला फळ नाही. म्हणजे ज्या हिशेबातून ही तारीख निघाली, त्यात या झाडांना खातंच नाही. ज्याचा दहावा हिस्सा गरिबाला द्यावा असं त्यांच्याकडे काही नाही. जुना नियम अधूनमधून डोकं वर काढतोही. दर सातव्या वर्षी जमिनीला सुट्टी असते, तेव्हा ती पाळणारी माणसं तू बिश्वात आला तरी रोप लावत नाहीत. 2021-22 हे तसं वर्ष होतं. पुढचं 2028-29 चं.

आता कोकण, कारण या तारखेचं सगळ्यांत वेगळं रूप आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागजवळ खंडाळे गावापाशी एक खडक आहे. त्यावर घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची श्रद्धा. ती जागा एलियाहू हनाबीचा टापा म्हणून ओळखली जाते. एलियाहू हा बायबलमधला संदेष्टा. तो मेला नाही. अग्नीचा रथ आला आणि तो वावटळीतून स्वर्गात गेला, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. कोकणातली परंपरा पुढे सांगते की जाता जाता त्याचा रथ या खडकावर टेकला. आणि तो दिवस शेवातच्या पौर्णिमेचा.

बेने इस्राएल समाजाची कथा अलिबागकडच्या लोकांना ठाऊक असते. पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली झाले. गावांवरून आडनावं पडली: दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर. पोथ्या समुद्रात गेल्या. मिश्ना नाही, ताल्मूद नाही, त्यामुळे शम्माई-हिल्लेलचा वाद आणि अकीवांचं महाळुंग कानावर येण्याचा प्रश्नच नव्हता. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढं गाठीशी राहिलं. सणांची नावंही मराठीच झाली. ज्यू नवं वर्ष हा नव्याचा सण, पुरीम हा होळीचा सण, आणि शेवातची पौर्णिमा म्हणजे एलियाहू हनाबीचा उरूस. उरूस हा शेजारच्या पिरांच्या दर्ग्यांकडून आला, हे उघडच आहे, आणि त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटलेलं दिसत नाही. हैम सॅम्युएल केहीमकर यांनी या समाजाचा इतिहास 1897 मध्ये इंग्रजीत लिहून काढला, त्यात या चालीरीतींची नोंद आहे. तो छापून निघायला 1937 साल उजाडलं आणि छापला गेला तेल अवीवला.

उरुसाला मलिदा करतात. पोहे भिजवून निथळायचे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलचीपूड, बदाम, बेदाणे. मोठ्या ताटात त्याची रास, भोवती फळं मांडलेली, वर गुलाबाच्या पाकळ्या. लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात जाताना, लांबच्या प्रवासाहून सुखरूप परतल्यावरही हेच ताट मांडतात, कारण एलियाहू हा संकटात धावून येणारा. पण ताटापाशी बसलेल्या माणसांकडे नीट पाहिलं तर मजा कळते. आशीर्वचनं एकेका जिनसावर वेगळी असतात. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्या पिकाला दुसरं, सुगंधाला तिसरं. खजूर आणि सफरचंद झाडाच्या गटात. केळं मात्र जमिनीच्या गटात, कारण ज्यू शास्त्राच्या लेखी केळ हे झाडच नाही. एकदा घड आला की तिचा बुंधा मरतो आणि कोंब पुन्हा जमिनीतून फुटतो. झाडांच्या नव्या वर्षाला, कोकणात, केळ्याशिवाय ताट मांडायचं कसं? मांडतात, आणि त्याचं आशीर्वचन त्याला वेगळं देतात. अकीवा असते तर त्यांनी मान डोलावली असती.

या पौर्णिमेचं गणित आपल्या पंचांगाशी फार जवळचं आहे. ज्यूंचेही महिने चंद्राचे, तेही अधूनमधून अधिक महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे शेवातची पंधरावी आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आगेमागे येते. 2025 मध्ये 12 फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती आणि त्याच दिवशी सूर्य मावळताच तू बिश्वात लागला. आता त्या दिवसांतलं अलिबाग डोळ्यांपुढे आणा. तिकडच्या भूमीत नुकताच पाऊस होऊन गेलेला असतो, इकडे तो चार महिने लांब. ताल्मूदने दिलेलं कारण कोकणात लागूच पडत नाही. इथे पाऊस ऑक्टोबरमध्येच जाऊन बसलेला, विहिरींचं पाणी खाली उतरू लागलेलं. पण आंबा मोहरलेला असतो. कारण वाटेत गळालं आणि तारीख तेवढी समुद्रातून वाचून आली, तरी ती पडली नेमकी झाडांच्या बहराच्याच दिवसांत. बेने इस्राएल लोकांनी हा दिवस झाडांचा मानला नव्हता, त्यांच्या लेखी तो रथाचा दिवस. खंडाळ्याला जाताना वाटेवर मोहोराचा वास मात्र येतच असणार.

1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. दिमोना, लोद, अश्दोद, बीर शेबा अशा गावांत मराठी घरं झाली, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघू लागलं. तिथे पोचल्यावर त्यांना वेगळ्याच हिशेबाला तोंड द्यावं लागलं. इतकी शतकं ग्रंथांवाचून राहिलेली ही माणसं अस्सल ज्यू कशावरून, असं म्हणत मुख्य रब्बींच्या यंत्रणेने त्यांच्या लग्नांच्या वेळी आई-आजीपर्यंत वंशाची चौकशी सुरू केली. जेरुसलेमला धरणं धरलं गेलं, आणि 1964 मध्ये प्रकरण मिटलं. मला यातली विसंगती टोचते. शेवातची पौर्णिमा त्स्फातच्या गूढवाद्यांनी आपल्या कल्पनेने भरली, वसाहतीतल्या शाळामास्तरांनी आपल्या, तेव्हा कुणी त्यांच्या आजीचं नाव विचारलं नाही. खडकावरच्या टापा आणि पोह्यांचं ताट घेऊन आलेल्यांना मात्र कागद मागितले गेले.

खंडाळ्याचा खडक काही बोटीत घालून नेता येत नव्हता. हैफा शहरात कार्मेल डोंगराच्या उतारावर एलियाहूची एक गुहा आहे. मोरोक्कोचे, इराकचे, कुठकुठले ज्यू तिथे नवस बोलायला येतात, ख्रिस्ती आणि मुसलमानही त्या जागेला मानतात. मराठी मंडळींनी ती गुहा आपलीशी केली. बसगाड्या करून लोक येतात, ताट मांडतात, आशीर्वचनं म्हणतात, आणि मग आलेल्या प्रत्येकाच्या हातावर मलिदा आणि फळाची फोड ठेवतात, ओळख असो वा नसो.